"मॅडम, स्टँडर्डच आहे, फक्त सही करा": कंपनीतला वकील आयटी करार कसा वाचतो

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले काही तुकडे गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण ऑफर लेटर कसं वाचायचं ते बघितलं. त्यावर आलेल्या मेसेजेसमध्ये निम्मे लॉचे विद्यार्थी आहेत आणि निम्मे कोड लिहिणारे. गंमत म्हणजे दोघांनी एकच गोष्ट विचारलीय: कंपनीत बसलेला वकील सॉफ्टवेअरच्या करारांचं नेमकं करतो काय? नुसते स्वल्पविराम बदलतो का? तर आज त्यावरच बोलू.

आधी माझी जागा सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या लीगल विभागात आहे. आम्ही सुटे भाग बनवतो, सॉफ्टवेअर नाही. सॉफ्टवेअर आम्ही घेतो. "विकत घेतो" असं सगळे म्हणतात, पण आजकाल विकत काही मिळतच नाही, भाड्याने मिळतं. याला सास म्हणतात. हो, हिंदीतली सासच आठवते, पण हिचा अर्थ आहे सेवा म्हणून मिळणारं सॉफ्टवेअर. दर महिन्याला पैसे भरा, लॉगिन करा, वापरा. भाडं थांबलं की दार बंद. हा एक फरक डोक्यात ठेवलात तर पुढचं सगळं सोपं जाईल.

आणखी एक, लॉवाल्यांसाठी. पूर्ण वेळ पगारी नोकरी घेतली की बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सनद स्थगित करावी लागते. म्हणजे मी वकिलीचं शिक्षण घेतलेली बाई आहे, पण कायद्याच्या भाषेत "अॅडव्होकेट" नाही. याचा परिणाम ईमेलवर होतो. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशील आणि वकील यांच्यातल्या बोलण्याला साक्ष कायद्याच्या कलम १३२ खाली जी गोपनीयता मिळते, ती कंपनीतल्या पगारी वकिलाला मिळत नाही. कलम १३४ खाली थोडं संरक्षण आहे, पण ते तोकडं. म्हणून मी ऑफिसात सगळ्यांना सांगते, "आपली चूक आहे, पण समोरच्याला कळू देऊ नका" असे मेल मला पाठवू नका. फोन करा. आणि खरं तर तसं वागूही नका!

बरं, मुद्द्यावर येऊ. करार माझ्याकडे येतो तेव्हा त्यासोबत एक वाक्य हमखास येतं: "मॅडम, स्टँडर्डच आहे, फक्त बघून सही करून द्या, सोमवारी गो-लाइव्ह आहे." आणि तो दिवस शुक्रवार असतो, संध्याकाळचे पाच वाजलेले असतात.

अशा वेळी मी करार लगेच उघडत नाही. आधी खाली शॉप फ्लोअरवर जाते. लोकांना वाटतं वकिलाचं काम समोरच्या कंपनीशी भांडणं. माझं निम्म्याहून जास्त काम आमच्याच माणसांना प्रश्न विचारण्याचं आहे. आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे सॉफ्टवेअर उद्या सकाळी बंद पडलं तर कोणाचं काय अडेल?

एकाच सॉफ्टवेअरबद्दल तीन टेबलांवर तीन उत्तरं मिळतात. स्टोअरवाले म्हणतात, "काही नाही, रजिस्टरमध्ये लिहू, नंतर भरू." एचआर म्हणतं, "महिन्याच्या एक तारखेला बंद पडलं नाही म्हणजे झालं." डिस्पॅचवाले मात्र हात जोडतात. कारण ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल हलवायचा तर बहुतेक वेळा ई-वे बिल लागतं, ते आमच्या सिस्टिममधून बनतं, आणि ते बनलं नाही तर भरलेले ट्रक गेटवर उभे. ड्रायव्हर चहा पीत बसलेले, आणि पलीकडे ग्राहकाची लाइन थांबलेली. ही तीन उत्तरं ऐकल्याशिवाय करारातलं कुठलं कलम महत्त्वाचं आणि कुठलं नुसतं शोभेचं, हे मला कळूच शकत नाही.

आता डिस्पॅचचं उत्तर घेऊन करार उघडू. त्यात एक एसएलए असतो, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील याचं वचन. तिथे लिहिलेलं असतं: ९९.५ टक्के. ऐकायला छान वाटतं, बोर्डाच्या परीक्षेत एवढे पडले तर गल्लीत बॅनर लागेल! पण मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढा. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं. त्याचा अर्धा टक्का म्हणजे २१६ मिनिटं, साडेतीन तासांहून थोडं जास्त. महिन्यातून एवढा वेळ सिस्टिम बंद राहिली तरी वचन पाळलं असंच धरायचं.

आणि ही झाली महिन्याची मोजणी. बऱ्याच करारांत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे प्रमाण वर्षाला मोजलं जाईल. वर्षाचे ८,७६० तास, त्याचा अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ४४ तास. म्हणजे ३० आणि ३१ मार्चला, मार्च एंडच्या ऐन गर्दीत, सलग पावणेदोन दिवस सिस्टिम झोपली आणि उरलेलं वर्ष नीट चालली, तर कागदावर कुठेच काही बिघडलेलं नाही. आकडा तोच, ९९.५. फक्त "महिन्याला" की "वर्षाला" या एका शब्दाने सगळं बदललं. मी टक्का वाढवून मागण्यात फार वेळ घालवत नाही, त्याचे पैसे वाढतात. मोजणी महिन्याची करून घेते. ते बहुतेक वेळा फुकटात मिळतं.

तसंच मेंटेनन्सचं. "नियोजित देखभालीचा वेळ धरला जाणार नाही." ठीक आहे, पण ही देखभाल कधी? कंपनी अमेरिकेतली असेल तर त्यांची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, आणि आमच्याकडे रविवारीही शिफ्ट असते. म्हणून तिथे वेळ लिहायची ती भारतीय प्रमाणवेळेने.

वचन मोडलं तर काय? सर्व्हिस क्रेडिट. समजा महिन्याचं भाडं २ लाख रुपये आहे आणि क्रेडिट ५ टक्के. म्हणजे १० हजार रुपये पुढच्या बिलातून वजा. तेही ३० दिवसांत तुम्ही आठवणीने मागितले तर! आणि त्याच्याच खाली एक ओळ: ग्राहकाला एवढाच आणि हाच उपाय राहील. ही ओळ बघितली की मी थांबते. कारण तिचा अर्थ असा की गेटवर वीस ट्रक दोन दिवस उभे राहिले तरी आम्हाला १० हजारच मिळणार. ती ओळ पूर्ण काढून घेणं अवघड जातं. पण "सलग तीन महिने वचन मोडलं तर आम्ही दंड न भरता करार सोडू शकतो" हे वाक्य मी जवळपास प्रत्येक वेळी घालून घेते. विकणाऱ्याला दहा हजारांची भीती नसते, ग्राहक जाण्याची असते.

आता पैशांचं खरं कलम, जबाबदारीची मर्यादा. सगळे त्याला कॅप म्हणतात. आपला करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं कलम ७३ म्हणतं की करार मोडल्यामुळे नेहमीच्या ओघात जे नुकसान होतं, किंवा करार करताना दोघांना ज्याची कल्पना होती, त्याची भरपाई मिळते. दूरचं, आडवळणाचं नुकसान मिळत नाही. आयटी करार यावर आणखी एक झाकण ठेवतो: काहीही झालं तरी आमची एकूण जबाबदारी गेल्या १२ महिन्यांच्या फीएवढीच.

याचं मोठ्यातलं मोठं उदाहरण तुम्ही स्वतः बघितलंय. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक बिघडलेलं अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळा स्क्रीन दाखवून बसली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, त्याचे फोटो फिरले होते, आठवत असेल. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सच्या काही हजार फेऱ्या रद्द झाल्या. त्यांनी नुकसान सांगितलं ५० कोटी डॉलरचं. क्राउडस्ट्राइकच्या वकिलांनी पत्र लिहून कळवलं की करारानुसार त्यांची जबाबदारी काही दशलक्ष डॉलरच्या, तेही एक आकडी, मर्यादेत आहे. यातलं अंतर बघा! शेवटी डेल्टा कोर्टात गेली आणि मे २०२५ मध्ये जॉर्जियातल्या न्यायाधीशांनी घोर निष्काळजीपणाचा दावा पुढे चालू द्यायला मान्यता दिली. वकिलाने बघण्यासारखी गोष्ट ही की भांडण "साध्या चुकी"वरून "घोर निष्काळजीपणा"वर गेलं, कारण कॅप ओलांडायची तर वाट तिथूनच जाते. म्हणून कॅपच्या कलमात मी आकड्याच्या आधी अपवाद वाचते. घोर निष्काळजीपणा, फसवणूक, गोपनीयतेचा भंग: हे कॅपच्या आत आहेत की बाहेर?

आणि डेटा. याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे २०२७ च्या मध्यावर. कलम ८ सांगतं की ज्याने डेटा गोळा केला तो जबाबदार, मग दुसऱ्याशी केलेल्या करारात काहीही लिहिलेलं असो. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आता हिशोब जुळवा. सॉफ्टवेअरवाल्याचं महिन्याचं भाडं २ लाख, त्याची कॅप २४ लाख. गळती त्याच्याकडून झाली तरी दंडाची नोटीस आमच्या नावाने येणार.

इथे बरेच वकील म्हणतात, डेटासाठी अमर्याद जबाबदारी लिहून घ्या. माझं मत थोडं वेगळं आहे. समोर बारा पोरांचं बाणेरमधलं स्टार्टअप असेल तर अमर्याद जबाबदारी लिहून घेऊन मिळणार काय? त्यांच्या खात्यात जेवढं आहे तेवढंच ना? मी डेटासाठी वेगळी, मोठी कॅप मागते, त्यांच्याकडे सायबर विमा आहे का ते विचारते, आणि मग परत आमच्याच माणसांकडे जाते.

एक उदाहरण सांगते. कॅन्टीनच्या कूपनसाठी एक अॅप घ्यायचं होतं. एचआरने त्या लोकांना कामगारांची अख्खी एक्सेल द्यायची तयारी केली होती: आधार, बँक खातं, घरचा पत्ता, रक्तगट, पंधरा रकाने. मी विचारलं, पोहे घ्यायला आधार कशाला? कोणाकडेच उत्तर नव्हतं. "फॉरमॅट तसाच होता मॅडम." शेवटी चार रकाने गेले: टोकन नंबर, नाव, विभाग, शिफ्ट. त्या दिवशी करारात मी एक शब्दही बदलला नाही, पण करारातला सगळ्यात मोठा धोका कमी झाला. जो डेटा दिलाच नाही तो त्यांच्याकडून फुटणार कसा?

गळतीची बातमी किती वेळात द्यायची, तेही बघा. सर्ट-इन या सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत: सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. आणि सॉफ्टवेअरवाल्याच्या करारात लिहिलेलं असतं, "आम्ही ग्राहकाला ७२ तासांत कळवू." आपलं घड्याळ आपल्याला कळल्यावर सुरू होतं हे खरं, पण तीन दिवस कामगारांचे खातेनंबर बाहेर फिरत असताना आपण निवांत बसायचं का? मी २४ तासांवर आणते. कोणाला कळवायचं तेही लिहिते, नाहीतर मेल सोडून गेलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो.

आता बाहेर पडण्याबद्दल. याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण करार करताना याबद्दल कोणीच बोलत नाही. लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाचं कोण काढणार?

मी रुजू होण्याआधीचा एक करार होता, हजेरी आणि ओव्हरटाइमच्या सॉफ्टवेअरचा. त्यात वाक्य अगदी ठसठशीत होतं: सर्व डेटाची मालकी ग्राहकाची. नूतनीकरणाच्या वेळी त्यांनी भाडं जवळपास दुप्पट केलं. आम्ही म्हटलं, थांबतो, आमचा डेटा द्या. त्यांनी दिला. पीडीएफमध्ये. हजारो पानं, रोजच्या पंचिंगची, एकेका कामगाराची. ती दुसऱ्या सिस्टिममध्ये घालताच येत नव्हती. आम्ही म्हटलं, एक्सेल द्या. ते म्हणाले, ते वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे. आणि करार संपल्यापासून तीस दिवसांनी सगळं मिटवलं जाईल, हे मात्र करारात स्पष्ट होतं!

त्याच सुमारास कंत्राटी कामगारांची ओव्हरटाइमची तक्रार चालू होती. आमचं म्हणणं खरं की त्यांचं, हे त्या पंचिंगच्या नोंदींवरच ठरणार होतं. म्हणजे मिटणार होता तो नुसता डेटा नव्हता, काही माणसांच्या रात्रपाळीचा एकमेव पुरावा होता. तो गेला असता तर आमचं नुकसान झालं असतं, पण त्यांचं जास्त. शेवटी दोन महिन्यांचं भाडं वाढीव दराने भरलं, त्या बदल्यात पूर्ण डेटा वापरता येईल अशा फॉरमॅटमध्ये लेखी मागून घेतला, आणि आमच्या आयटीवाल्यांनी तो उघडून, शंभर नोंदी जुन्या मस्टरशी ताडून बघितल्यावरच करार संपवला. त्या नोंदी पुढे तक्रारीत दाखल झाल्या. काही कामगारांचे तास आमच्या हिशोबापेक्षा जास्त निघाले आणि ते पैसे कंपनीने दिले.

तेव्हापासून "मालकी आमची" या वाक्यावर मी समाधान मानत नाही. कुठल्या फॉरमॅटमध्ये, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने, आणि भाड्यावरून वाद चालू असला तरी मिळणार का, हे चारही लिहून घेते. आणि मिटवण्याचे तीस दिवस करार संपल्यापासून न मोजता, आम्ही "मिळाला आणि तपासला" असं लेखी कळवल्यापासून मोजायचे.

काही गोष्टी पटकन सांगते. करारात "आमच्या वेबसाइटवरील अटी, वेळोवेळी बदलतील त्याप्रमाणे" असं असेल तर सहीच्या दिवशी त्या पानाची पीडीएफ काढून फाइलला लावा. मुख्य करार, कामाचं परिशिष्ट आणि परचेस ऑर्डर यांत विसंगती असेल तर कोणाचं चालेल, हे लिहा. आणि हल्ली एक नवीन ओळ शिरलीय: "सेवा सुधारण्यासाठी ग्राहकाचा डेटा वापरला जाईल." पूर्वी याचा अर्थ फार तर बग शोधणं असायचा. आता याचा अर्थ एआय मॉडेलला शिकवणं असू शकतो. आमची ड्रॉइंग्ज त्यात गेली तर परत कशी काढणार? तिथे मी सरळ "प्रशिक्षणासाठी वापरणार नाही" असं लिहिते. लोक मान्य करतात. विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगत नाही, एवढंच.

आता कोड लिहिणाऱ्यांचा प्रश्न, सगळ्यात जास्त वेळा आलेला: "मी फ्रीलान्स करतो. क्लायंटच्या करारात सगळा कोड त्यांचा असं लिहिलंय. सही करू का?"

आधी कायदा. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. हो, तुमचा कोड आणि पु.लं.चं पुस्तक एकाच खणात! तुम्ही पगारी नोकर असाल तर कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालकी मालकाची, वेगळं काही ठरलं नसेल तर. पण फ्रीलान्सर नोकर नसतो. त्यामुळे लेखी, सही केलेलं हस्तांतरण नसेल तर पैसे क्लायंटने दिले तरी कोड तुमचाच राहतो. हे बऱ्याच क्लायंटना माहीत नसतं. आणि हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचं धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. शिवाय घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर तो हक्क परत तुमच्याकडे येतो. म्हणूनच कंपन्यांच्या करारात "कायमस्वरूपी, जगभर, कलम १९ चे उपकलम ४ लागू नाही" अशी लांबलचक ओळ दिसते. ती मीही घालते, माझं कामच आहे ते.

पण तुमच्या बाजूने बसले असते तर दोन गोष्टी मागितल्या असत्या. हस्तांतरण "कोड लिहिल्याबरोबर" नको, "पूर्ण पैसे मिळाल्यावर" हवं. आणि तुम्ही आधीपासून वापरता त्या लायब्ररी, स्क्रिप्ट, टेम्पलेट यांची यादी परिशिष्टात जोडा. त्या तुमच्याच राहतील, क्लायंटला वापरायची परवानगी मिळेल. माझ्यासमोर कोणी फ्रीलान्सर हे मागतो तेव्हा मी बहुतेक वेळा हो म्हणते. दहातले नऊ जण मागतच नाहीत.

एका विद्यार्थिनीने विचारलंय, या कामासाठी कोडिंग शिकावं लागेल का? नाही. पण डेटा कुठून निघतो, कोणाच्या सर्व्हरवर थांबतो, कुठे जातो, याचं चित्र कागदावर काढता आलं पाहिजे. आयटीवाल्यांना विचारून विचारून काढा. त्यांना राग येत नाही. उलट लीगलमधून कोणीतरी खाली आलं याचंच त्यांना नवल वाटतं आणि चहा मिळतो.

पुढच्या भागात याच प्रश्नांतला एक घेऊ: नोकरी सोडल्यावर "दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही" या ओळीला आपल्या कायद्यात किती किंमत आहे. तुमच्या ऑफर लेटरमधली ती ओळ, कंपनीचं नाव झाकून, पाठवून ठेवा. भेटू.